सरळ करून आणलेली पटाशी

तिरप्या तोंडाची पटाशी मी धारवाल्याकडून सरळ करून आणली होती.

ज्याला खरादकाम येतं तो हे वाचून कपाळावर हात मारेल. ज्याला येत नाही तो विचारेल, मग बिघडलं काय? त्याच्यासाठी सांगते. खराद म्हणजे लाकूड गरगरा फिरवणारं यंत्र. लाटणी, भोवरे, पाळण्याच्या दांड्या त्याच्यावर होतात. फिरत्या लाकडाला हातातली पटाशी लावायची, की लाकूड सोलत जातं. या पटाश्यांमधल्या एकीची धार आडवी नसते, तिरपी असते. एक कोपरा पुढं आलेला, दुसरा मागं राहिलेला. ती झिजून तशी होत नाही, मुद्दाम तशी घडवतात. तिचा सगळा गुण त्या तिरकेपणात. आणि साठीला टेकलेल्या एका बाईनं, जिचा लाकडाशी संबंध पोळी लाटण्यापुरता होता, परस्पर ठरवून टाकलं की ही पटाशी वापरून वापरून वाकडी झालीय. पटाशी दुसऱ्याची. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. उलट मालकीण खूश होईल आणि चार बायकांत आपलं कौतुक करेल, अशी त्या बाईची समजूत.

ती बाई मीच. दहा-बारा वर्षं झाली त्याला. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी ओळख देणार नाही.

पुंडलिकनगरात माझा शिवणक्लास होता. पोरी यायच्या, ब्लाउज शिकायच्या, लग्न होऊन जायच्या, आणि काही वर्षांनी त्यांच्या पोरी यायच्या. यातून मला असा भ्रम झाला होता की जगातली कुठलीही वस्तू म्हणजे माप घ्या, कापा आणि जोडा, एवढीच भानगड असते. टेप कायम गळ्यात. रिक्षावाल्याला वळण कसं घ्यावं ते मी सांगायचे. आमच्या ह्यांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी टाके घातले, तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं होतं, "एवढे लांब लांब का घातलेत?" डॉक्टर गप्प बसले. माझ्या बाबतीत बरीच चांगली माणसं गप्पच बसली, आणि तेच माझं नुकसान झालं.

गप्प न बसणारी एकच बाई मला भेटली, ती माझी विहीण.

मुलगी दौलताबादला दिली होती. किल्ल्याखालच्या रस्त्यावर त्यांचा खरादाचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, आत लाकडाचा भुसा आणि बाहेर विहीणबाई. किल्ला उतरून आलेल्या पर्यटकाला अडवून ती तळहातावर भोवरा फिरवून दाखवायची आणि म्हणायची, "असा भोवरा दिल्लीपत्तुर नाय मिळायचा." जशी काही दिल्ली पालथी घालून आलीय. बी.ए. झालेली, पण भांडताना एकदम गंगापूरच्या शेतात उभी राहून बोलतेय असं वाटायचं, कारण माहेर तिकडचं. स्वतःची स्तुती ती इतक्या मोठ्यानं करायची की दुसऱ्या कुणाला करायला जागाच उरायची नाही. आणि त्यातली निम्मी तरी खरी असायची, म्हणून माझ्या पोटात दुखायचं.

मुलीला दिवस गेले आणि अडचण उभी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बारशाचा पाळणा माहेरचा. आता विहिणीच्या घरातच पाळणे होतात म्हटल्यावर करायचं काय? तिच्याकडूनच घ्यावा, तर माहेरची नाचक्की. बाजारातून आणावा, तर ती भर बारशात प्रत्येक दांडी बोटानं वाजवून बघणार आणि दर दांडीला एक उद्गार काढणार. शहाण्या बाईनं बाजारातला आणला असता आणि उद्गार ऐकून घेतले असते. मी डोहाळजेवणाच्या पंगतीत, सगळ्या पानावर बसलेल्या असताना, जाहीर करून टाकलं:

"नातवंडाच्या पाळण्याच्या दांड्या मी माझ्या हातानं करणार."

विहीणबाईच्या तोंडात पुरणपोळी होती. ती तिनं नीट चावून गिळली, वर पाणी प्याली, मगच हसली. हसू एवढं होतं की आधी हसली असती तर ठसका लागून गेली असती.

"कशावर करणार ताई? शिलाई मशीनवर?"

"तुमच्या खरादावर. शिकवा मला."

"शिकवते की. पण कान धरंन हां मी. विहीण म्हणून सोडायची नाय."

मुलगी नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, विकत आण ना गं. तुला नाही जमलं तर त्या मला ऐकवतील, आणि जमलं तरी मलाच ऐकवतील."

पोरीचं बरोबर होतं. पाळणा बिघडला तर मी पुंडलिकनगरात दार लावून बसू शकत होते. नांदायचं तिला होतं, त्या घरात, त्या सासूच्या हाताखाली. हे मला कळत होतं का? कळत होतं. मी ऐकलं का? गळ्यात टेप होता.

मग जीपनं दौलताबादला माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. विहीणबाईनं आधी माझा पदर काढून घेतला. म्हणजे साडी गुंडाळून वर व्याह्यांचा जुना शर्ट चढवायला लावला. "पदर खरादात गेला तर तुम्ही बी त्याच्यामागं जाचाल," ती म्हणाली. त्या शर्टात मी पिशवीत कोंबलेल्या गादीसारखी दिसत होते. तरी मी फोटो काढून घेतला आणि क्लासच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शिकायला वय नसतं.' असली वाक्यं लिहिणाऱ्या बाईकडून पुढं काय होणार हे तिथंच ओळखायला हवं होतं.

कडुलिंबाच्या फांद्यांवर सराव. खोलगट पटाशीनं ओबडधोबड लाकूड गोल करायचं, ते मला लवकर जमलं. मग तिनं ती तिरपी हातात घेतली. तिनं फिरत्या लाकडाला ती अशी लावली की लोणी सोलल्यासारखं लांबच लांब सालपट गुंडाळत निघालं, आणि खालचं लाकूड असं गुळगुळीत की पॉलिशपेपर लावला तर ते खराब होईल.

"धारेची पाठ लाकडावर टेकवा," ती सांगायची. "टेकली का? आता दांडा हळूच वर घ्या. धार आपणहून लाकूड धरती. दाबायचं नाय. आन काम करायचं ते धारेच्या मधल्या अंगानं. हे पुढचं टोक लाकडाला लागू देऊ नका. टोक लागलं की तुमचं-माझं नातं संपलं."

मी टेकवली, वर घेतली आणि टोक लावलं.

खडाक! पटाशी हातात उसळली आणि मळसूत्रासारखा एक चर कोरत लाकडाच्या पार टोकापर्यंत धावली.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"लाकडानं थोबाडीत दिली तुमच्या. दुसरं घ्या."

दुसरं घेतलं, दुसऱ्यानं दिली. दुपारभर मी थोबाडीत खात होते आणि विहीणबाई स्टुलावर बसून शेंगा सोलत त्याचं धावतं वर्णन करत होती. "ही बघा, ही आली, ही गेली... खडाक! वा. आज कडुलिंब संपवताय म्हणा की."

माझ्या क्लासमधल्या पोरींचं शिवण बिघडलं की त्या म्हणायच्या, "बाई, मशीनच खराब आहे." मी त्यांना असं झापायचे की पोरी रडायच्या. आणि इथं मी, त्यांची बाई, जीपमध्ये बसून घरी परतताना नेमक्या त्याच निष्कर्षाला आले. दोष पटाशीचा. दर वेळी ते पुढं आलेलं टोकच अडकतं ना? मग ते टोक पुढं आलंच कशाला? या लोकांनी एकाच अंगानं घासून घासून ती वाकडी केलीय, आणि आता त्या वाकडेपणालाच विद्या म्हणतायत.

त्याच सुमारास विहीणबाई भाच्याच्या लग्नाला गंगापूरला गेली. जाताना शेडची किल्ली माझ्याकडं देऊन गेली. विश्वास टाकला बिचारीनं. दुसऱ्या दिवशी पटाशी माझ्या पिशवीत, डब्याशेजारी, रुमालात गुंडाळून पुंडलिकनगरात.

आमच्या गल्लीत सायकलवर एक धारवाला यायचा. सायकल स्टँडवर लावायची, पायडल मारायचं, दगड फिरायचा. माझ्या कात्र्यांना कित्येक वर्षं तोच धार लावत होता. त्यानं पटाशी उलटीपालटी करून बघितली.

"बाई, ये तो कैंची नै."

"मला दिसतंय. तोंड सरळ कर."

"ये तिरछाच बनाया हुआ दिखरा."

"झिजलंय रे ते. कर तू."

"बिगड़ा तो मेरेकू नक्को बोलना, हां."

"मला धार कळते. कर."

त्यानं आकाशाकडं एकदा बघितलं आणि केलं. ठिणग्या उडाल्या, पुढचं टोक गेलं, तोंड पट्टीनं आखल्यासारखं सरळ झालं. तिरप्या पटाशीला दोन्ही बाजूंनी उतार असतो. पण त्याच्या हाताला कात्र्यांची सवय, त्यानं एकाच बाजूनं उतार दिला. म्हणजे पटाशीही गेली आणि धारही गेली. मी अंगठ्यानं चाचपून म्हणाले, "आता कशी दिसते!" पटाशीची कात्री करून घेऊन मी हसत उभी होते. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे, ती चालली. निदान मला तसं वाटलं. टोक नाही, म्हणून थोबाडीत नाही. मी ती लाकडावर सपाट धरायची आणि ती लाकूड खरवडायची. सालपट निघत नव्हतं, नुसता भुसा उडत होता. पण भुसा पुष्कळ उडत होता, म्हणून मला काम पुष्कळ होतंय असं वाटत होतं. सागवानाच्या दांड्या मी एकामागून एक उरकल्या. सगळ्यांवर फाटक्या कापडासारखी कुसं उभी. मग पॉलिशपेपर घेऊन घासत बसले. जिथं कुसं जास्त, तिथं जास्त घासलं, म्हणून दांड्या मधेच कमरेत बारीक झाल्या.

मुलीनं एक हातात घेऊन विचारलं, "आई, ही इथं अशी बारीक का?"

"डिझाइन आहे ते."

विहीणबाई लग्नाहून परतली, हातावर मेंदी, तोंडात पान. मी पटाशी टेबलावर मधोमध ठेवली होती, पाहुण्यांपुढं ताट ठेवावं तशी. तिनं ती उचलली. धारेवर अंगठा फिरवला. मग हळूच स्टुलावर बसली.

"ताई, हे कुणी केलं?"

"मी. धार लावून आणली. केवढी झिजली होती."

"धार नाय लावली. तोंड उडवलं हिचं." ती पटाशीकडंच बघत होती. "झिजली व्हय? तुमच्या घरात मांजराला शेपूट दिसली तर कापून टाकचाल तुम्ही, की बाई हे काय मागं लांब राहिलंय."

मग तिनं माझ्या दांड्या बघितल्या. एक उचलून गुडघ्यावर ठेवली, दोन्ही टोकं धरून जरा दाबली. डिझाइनपाशी दांडी मोडली.

"ह्या सगळ्या चुलीत," ती म्हणाली. "ह्याच्यात पोर नाय घालायचं माझं."

त्या दिवशी तिनं चहा केला तो एकच कप. माझ्यासमोर बसून प्याली.

नंतर तिनं आपल्या दगडावर पटाशी पुन्हा तिरपी केली. पोलाद बरंच गेलं, पटाशी बुटकी झाली. माझी मात्र सुटका केली नाही. म्हणाली, "बोललात ना पंगतीत? आता करा." मी परत कडुलिंबावर. परत खडाक. आणि एका दुपारी, बघता बघता, ते मला दिसलं. उरेब! कापड सरळ धाग्यावर कापलं की गळ्याच्या पट्टीला सुरकुत्या पडतात. तिरकं, उरेबमध्ये कापलं की पट्टी वळणाला मुकाट वळते. हे मी पोरींना घसा कोरडा होईपर्यंत शिकवलं होतं. ही पटाशी म्हणजे लाकडात घातलेला उरेबच की. लाकडाच्या धाग्यावर आडवी चालून जात नाही, तिरकी उतरते. तो विचार मनात ठेवून पाठ टेकवली, दांडा उचलला, आणि एक सालपट निघालं. केवढंसं. पण सालपट.

मी विहीणबाईला उरेबचं सगळं सांगितलं, शर्टाची बाही ताणून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजी हे तुम्हाला आधीपासून ठाव होतं?"

"हो!"

"आन तरी सरळ करून आणली?"

मी ताणलेली बाही सोडली आणि दुसरी फांदी खरादाला लावली.

त्यानंतर माझ्या चांगल्या दांड्या व्हायला लागल्या. फार सुंदर नव्हेत, पण धडधाकट. सगळ्या झाल्या असत्या तर मी आज हे लिहिलंच नसतं, तो पाळणा दिवाणखान्यात टांगून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला असता. पण मुलीला दिवस भरण्याआधीच कळा आल्या, सिझर झालं, नात झाली. मी दवाखान्यात, खराद दौलताबादला. घरी आलो तर बारसं तोंडावर आणि दांड्या काही कमी. गल्लीतल्या सुतारानं चौकट करून ठेवली होती, तिला भोकं तेवढी रिकामी.

आता ऐका त्या बाईची, म्हणजे माझी, अक्कल. चुलीत घालायला सांगितलेल्या दांड्या तिनं चुलीत घातल्याच नव्हत्या. जपून ठेवल्या होत्या, शिवणाच्या चिंध्या जपून ठेवाव्यात तशा. त्यातल्या बऱ्यापैकी दिसणाऱ्या तिनं चांगल्यांच्या मधे मधे बसवल्या, वरून सगळ्यांना लाल-हिरवा रंग मारला. झेंडूच्या माळा सोडल्यावर कुणाला दिसतंय? पोर केवढंसं, वजन ते काय! विकतचा पाळणा आणायला गल्लीच्या टोकाला दुकान होतं. पण मग विहीण जिंकली असती. अंगावर पिणारी पोर एका पारड्यात आणि विहिणीचं हसू दुसऱ्या पारड्यात, आणि त्या बाईला दुसरं पारडं जड वाटलं.

बारशाला घर बायकांनी भरलं. पाळणा कडीला टांगलेला, दिसत होता झकास. विहीणबाईनं आल्या आल्या एक दांडी बोटानं वाजवली. ती नेमकी चांगली निघाली. "बरी जमलीय," ती म्हणाली, आणि माझी छाती दोन बोटं फुगली.

आपल्याकडं रिकामा पाळणा हलवत नाहीत. आधी वरवंटा धुऊन, हळदकुंकू लावून, टोपड्यात गुंडाळून पाळण्यात घालतात, झोका देतात, मग बाळ. विहीणबाईच्या मोठ्या जाऊबाई मुद्दाम गावाहून आल्या होत्या, तो मान त्यांचा. त्यांनी वरवंटा आत ठेवला आणि उत्साहात झोका दिला. वरवंटा गडगडला, बाजूच्या दांड्यांवर आदळला.

कट्.

डिझाइनपाशीच. वरवंटा टोपड्यासकट खाली पडला आणि फरशीचा टवका उडाला. बाळ आत्याच्या मांडीवर होतं, झोपलेलं. त्या फरशीकडं बघून मग बाळाकडं बघितलं. मी भिंत धरली.

जाऊबाई विहीणबाईकडं वळून म्हणाल्या, "अगं बाई! आपल्याच कारखान्यातला ना गं हा?"

प्रश्न साहजिकच होता. खराद त्यांचा, नाव त्यांचं. साऱ्या बायका विहीणबाईकडं बघायला लागल्या. आणि मी तोंड उघडलं ते काय म्हणायला? तर उन्हानं लाकूड तडकलं असेल, असं म्हणायला. शपथ सांगते. शब्द जिभेवर होता. पण माझ्या आधी विहीणबाई उठली.

"आपला? आपल्या कारखान्यातली दांडी अशी मोडली तर मी तीच दांडी माझ्या टाळक्यात हाणून घेईन! आक्का, बसा खाली. तुम्हाला एक मज्जा सांगते."

आणि तिनं सांगितली. अथपासून इतिपर्यंत. जीप, रुमाल, धारवाला, त्याचं "नक्को बोलना" सुद्धा, कारण ते मीच तिला एकदा बेसावधपणे सांगून बसले होते. लाटणं पटाशीसारखं धरून तिनं मी खरादावर कशी उभी राहायचे ते करून दाखवलं, ढुंगण मागं, जीभ बाहेर. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. माझी मुलगी पोट धरून ओरडत होती, "अहो आई, पुरे ना, टाके दुखतायत माझे!" ती हसत होती. सासूच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. मी भिंतीपाशी उभी राहून ते बघत होते, आणि मला लाजही वाटत होती आणि एक ओझंही उतरत होतं, पण लाज जास्त.

मग विहीणबाईनं माझ्याकडं साडी मागितली.

"कशाला?"

"झोळी बांधते. पोरीला नाव ठेवायचंय का नाय?"

"झोळीत? माझ्या नातीचं बारसं झोळीत? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी आत्ता जे ऐकलं, त्याच्यापुढं झोळीचं काय घेऊन बसलात ताई!"

तिनं माझी सुती नऊवारी त्याच कडीला बांधली, दोन्ही हातांनी लोंबकळून ओढून बघितली, वरवंटा घालून झोका दिला, मग बाळ घातलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, आणि पोर त्या झोळीत तासभर हूं की चूं न करता झोपली.

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात तोंड भिंतीकडं करून उभी होते. आवाज न करता रडत होते, निदान माझी तशी समजूत होती. विहीणबाई आत आली. एका हातात घुगऱ्यांची वाटी, दुसऱ्या हातात मोडकी दांडी. दांडी तिनं ओट्यावर ठेवली, घुगऱ्यांचा एक बकाणा भरला, तो निवांत संपवला आणि म्हणाली:

"ताई, रडायचं ते आज रडून घ्या, सोमवारी खरादावर या. पोरगी वर्षात उभी राहती, तवर तिला पांगुळगाडा पायजे. तो तुम्हीच करा. मोडलाच तर पोरगी बुडावर पडंल, डोक्यावर नाय."